थंडीत गळणारी जीप

सिस्टरांकडे डोकेदुखीची गोळी मागायला जाणं सोपं नव्हतं. मी त्यांच्या घरात भाड्याने राहायला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी गेले होते. गोळ्यांचा डबा त्यांच्या हाताशीच होता, पण त्यांनी तो उघडला नाही. मला ओसरीतल्या स्टुलावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखते? उठल्या उठल्या होतं की नंतर सुरू झालं? एकाच बाजूनं की दोन्ही? काल रात्री काय खाल्लं? आज पाणी किती प्यालं?

मी म्हणाले, "सिस्टर, साधं डोकं दुखतंय हो."

"साधं म्हंजे काय? साधं, ठीक, बरं, हे तीन शब्द माह्या घरात नाई चालत."

सातव्या-आठव्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं की कॉलेजातल्या बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. गोळी मिळाली नाही. दोन तांबे पाणी मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अकरावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होते, तर खिडकीतून सिस्टर आवारात येताना दिसल्या. पांढरी सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एका हातात पेचकस आणि दुसऱ्यात नवी कडी. प्राचार्यांना भेटल्या नाहीत, कुणाची परवानगी घेतली नाही. कडी बसवली, तीनदा लावून उघडून पाहिली आणि निघून गेल्या.

संध्याकाळी मी आभार मानायला गेले, तर माझ्यावरच रागावल्या. "मी इचारलं डोक्याचं, तू सांगितलं डोक्याचं. कडीचं काऊन नाई सांगितलं? इचारलं तेवढंच सांगू नको, पोरी. लोकं इचारलं तेवढंच सांगते, अन् माणूस तेवढ्यात मरून जाते."

तेव्हा मला वाटलं होतं, ही त्यांची बोलायची पद्धत असेल.

मी सांगलीकडची. फिजिक्स शिकवायची नोकरी लागली म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी आले आणि तीन वर्षं सिस्टरांच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले. त्या सरकारी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या. नोकरीतली बहुतेक वर्षं गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात गेलेली. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. भातगिरणीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर.

घड्याळ त्या मनगटावर बांधत नसत. छातीशी पदराला टाचणीने उलटं टांगलेलं असे. बोलता बोलता त्यांची नजर त्या घड्याळाकडे गेली की ओळखावं, समोरच्या माणसाचे श्वास मोजणं चाललंय. बसस्टँडवर त्यांनी एका अनोळखी माणसाला असंच मोजून थेट दवाखान्यात पाठवलं होतं. तो गेला का, त्याला काय निघालं, हे कळलं नाही. पण पुढे कितीतरी दिवस त्या त्याच बसच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभ्या राहत. एकदा तो दिसला, हातात टिफिनचा डबा घेऊन बसमध्ये चढताना. त्या दिवशी त्यांनी मला शेवयांची खीर पाठवली. कशाची खीर, असं विचारलं तर म्हणाल्या, "एक पेशंट पाह्यला."

आणि त्यांची जीप होती.

तिच्यासाठी गाव त्यांना अर्धवट समजत असे. आरोग्य केंद्राची जुनी डिझेल जीप. भंगारात काढून लिलावाला लावली तेव्हा सिस्टरांनी ती घेतली, वयाच्या साठीला गाडी शिकल्या आणि परवाना काढला. नेमाने जायच्या त्या मात्र रविवारच्या रविवार विहारापर्यंत, आणि विहार घरापासून हाकेच्या अंतरावर. लोक म्हणत, सिस्टर चालत जाते तेव्हा लवकर पोहोचते.

जीपचं दुखणं एकच होतं. तिच्या रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, पण रोज नाही. उन्हाळ्यात, जेव्हा गाड्या तापून रस्त्यात उभ्या राहतात, तेव्हा ही अगदी धडधाकट. पावसाळ्यातही तक्रार नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र कधीतरी एखाद्या सकाळी झाकण उघडावं तर पाणी खाली गेलेलं. कुठून गेलं, त्याचा पत्ता नाही.

बसस्टँडमागच्या मिस्त्रीने ती कितीदा पाहिली असेल, त्याची गणती नाही. रबरी नळ्या बदलल्या, त्यांना आवळणारे पट्टे बदलले, पाण्याचा पंप बदलला. रेडिएटरमध्ये हवा भरून दाब धरून पाहिला. दाब टिकला. हिरवं कुलंट घालून पाहिलं. गाडीखाली कुठे हिरवा डाग नाही.

"सिस्टर, गाडी सुकी हाय जी," तो सांगायचा. "आता मी काय दुरुस्त करू?"

"किती वाजता पाह्यली?"

"दुपारी. तुमीच तं आणून ठेवली."

"दुपारी सगळे पेशंट बरे दिसते, मिस्त्री. दुखणं पहाटे येते."

"मंग पहाटे आणा."

"पहाटे तू उठते का?"

मिस्त्री हसायचा. तो पहाटे उठत नसे.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. एका संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते, तर सिस्टर माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, थंडीनं वस्तूले काय होते, हे तुमच्या पुस्तकात असंल ना?"

मी म्हणाले, "आकुंचन पावतात. आक्रसतात."

"सगळ्या सारख्याच?"

"नाही. रबर वेगळं, लोखंड वेगळं, पितळ वेगळं. शिवाय जुनं रबर थंडीत कडक होतं, मग त्याची पकड सुटते. धातूवर रबरी नळी बसवली असेल तर गार झाल्यावर मध्ये बारीक फट पडू शकते. गाडी तापली की रबर मऊ होऊन पुन्हा घट्ट बसतं."

त्या खाली बसल्या, माझ्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी, जमिनीवर.

"म्हंजे मिस्त्रीकडं नेईपर्यंत ते आपोआपच बंद होत असंल," त्या म्हणाल्या. "गाडी चालवतच नेते ना मी. गरम करूनच नेते."

त्या दिवसापासून आम्ही दोघी जीपच्या मागे लागलो. सिस्टरांनी पेटीतून एनॅमलच्या पांढऱ्या थाळ्या काढल्या, दवाखान्यात असतात तशा. प्रत्येकीवर चिकटपट्टीने आकडा लावला आणि जिथे जिथे नळी जोडलेली होती, त्याच्या बरोबर खाली एकेक मांडली. कुलंट काढून साधं पाणी भरलं. "तेव्हा कुलंट कुठी होतं? पाणीच भरत होते," म्हणाल्या. 'तेव्हा' म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही. साध्या पाण्याचा थेंब दवात ओळखू येणार नाही, म्हणून तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध त्यांनी रेडिएटरमध्ये ओतलं. मिस्त्रीला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. अंगणात भिंतीवर थर्मामीटर टांगला आणि त्याच्या बाजूला तक्ता. संध्याकाळचं तापमान, पहाटेचं तापमान, थाळ्यांची स्थिती. 'कोरडी, कोरडी, कोरडी' असं त्या दवाखान्यातल्या अक्षरात लिहीत गेल्या.

पंधरा दिवस गेले, थाळ्या कोरड्याच. थंडी वाढली, गावात शेकोट्या पेटल्या, तरी थेंब नाही. मला वाटायला लागलं की आपण एका म्हाताऱ्या बाईला उगाच आशा लावली. एकदा सकाळी जीप उभी असायची त्या टिनाच्या शेडमध्ये शिरले तर लक्षात आलं, इथे थंडी वाजत नाहीये. शेडची एक भिंत सिस्टरांच्या स्वयंपाकघराची. पलीकडे चूल. रात्रभर ती भिंत कोमट राहायची, आणि आमचा थर्मामीटर मात्र बाहेर अंगणात. आधी पाणी गेलं ते जीप बाहेरच राहिली त्या रात्री असणार.

मी विचारलं, "सिस्टर, ही जीप आरोग्य केंद्रात असताना कुठे उभी असायची?"

त्या तक्ता लिहीत होत्या. पेन थांबलं.

"उघड्यावर," त्या म्हणाल्या. "मुरमाच्या मैदानात. झाडबी नव्हतं वर."

आणि मग त्यांनी सांगितलं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतली सकाळ. आतल्या गावातली एक बाई बाळंतपणाला केंद्रात आली होती. अडली. तिला गडचिरोलीला न्यायचं ठरलं. डॉक्टर रजेवर, सिस्टर सोबत निघाल्या. ड्रायव्हर कंत्राटावरचा, चांगला माणूस. जंगलाच्या रस्त्याला लागून अर्धा तास झाला असेल, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं. ड्रायव्हर नाल्यापर्यंत पळत गेला, पाणी आणलं, पण इंजिन जाम झालेलं. त्या काळी तिथे फोन लागत नव्हता. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणाला, मी संध्याकाळी फेरीवरून आल्यावर पाणी काठोकाठ भरलं होतं. तापमानाचा काटा शेवटपर्यंत खालीच होता, म्हणून मला कळलं नाही. कुणी ऐकलं नाही. भरलेलं पाणी एका रात्रीत जाईल कुठे? आणि गाडी इतकी तापली तर काटा खाली कसा राहील? कुणीतरी म्हणालं, दारू प्याला असेल. त्याला काढून टाकलं.

मी म्हणाले, "काट्याचं खरं असू शकतं, सिस्टर. काट्याला जोडलेला सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच खाली गेलं तर तो कोरडा राहतो आणि काटा नुसता खाली बसून राहतो."

"काखेत लागलाच नाई तर थर्मामीटर ताप कसा दाखवंल," सिस्टर हळूच म्हणाल्या. मग डोळे पुसले. मी त्यांना डोळे पुसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती बाई पुढे दोनदा बाळंत झाली. दोन्ही वेळा सिस्टर रजा टाकून आठ दिवस आधी तिच्या गावी जाऊन बसल्या होत्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही; एकदा ती बाईच टोपलीत चारोळ्या घेऊन मूलला आली होती, तिच्याकडून कळलं. गाडी लिलावाला निघाली तेव्हा सिस्टर सगळ्यात पुढे का उभ्या होत्या, हे मात्र मला त्या शेडमध्ये समजलं.

त्या संध्याकाळी आम्ही जीप मुद्दाम राईस मिलच्या पुढपर्यंत फिरवून आणली, फेरीवरून आल्यासारखी. इंजिन निवू दिलं. काठोकाठ पाणी भरलं. ती ढकलत अंगणात उघड्यावर आणली आणि थाळ्या मांडल्या.

पहाटे पाचला सिस्टरांनी माझं दार वाजवलं. हाताला धरून घेऊन गेल्या. बॅटरीच्या उजेडात तीन नंबरची थाळी जांभळी झाली होती. आम्ही पाहत असतानाच वरून एक थेंब सुटला आणि थाळीत पडला. मग आणखी एक. रेडिएटरच्या खालच्या तोंडाला जी जाड नळी बसते, तिथून. थाळी भरून बाजूच्या मातीतही जांभळं उतरलं होतं. झाकण उघडून त्यांनी मापाच्या भांड्याने पाणी ओतत मोजलं. सव्वादोन लिटर गेलं होतं.

मग त्यांनी इंजिन चालू केलं. मी थाळीपाशी उकिडवी बसून होते. गाडी तापली तसं दोन थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग थेंब थांबले. नळी कोरडी. हात लावून पाहिला तरी कोरडी.

मिस्त्रीला बोलवायला मी स्वतः गेले. तो शाल गुंडाळून, शिव्या द्यायचं मनात ठेवून आला. नळी काढली, रेडिएटरचं तोंड कापडाने पुसलं, त्यावर बोट फिरवलं, मग तिथेच पुन्हा फिरवलं. तोंडाचा गोल एका बाजूला दबलेला होता. कधीकाळी दगडाचा मार बसून आत गेलेला, नखाएवढा खड्डा. त्यात जुनी वाळकी पेस्ट भरलेली.

"हा मार जुना हाय, सिस्टर," तो म्हणाला. "लय जुना. मी नळ्या बदलत राह्यलो. खालचं तोंड कधी बोटानं पाह्यलंच नाई." आणि खाली मान घालून म्हणाला, "आता लावून देतो ठोकून. एका घंट्याचं काम."

"हात लावू नको," सिस्टर म्हणाल्या. "होती तशी बसव. आधी एकाले दाखवायची हाय."

मी शिक्षक माणूस. मला राहवलं नाही. म्हणाले, "सिस्टर, यानं त्या दिवशी हेच झालं होतं असं सिद्ध होत नाही. इतकंच कळतं की असं होऊ शकतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "आमी सगळे म्हनत होतो, असं होऊच शकत नाई. त्याची नोकरी 'होऊ शकत नाई' या शब्दावर गेली, पोरी. 'होऊ शकते' एवढं त्याले नेऊन दिलं तरी लय झालं."

ड्रायव्हर आता कोरपन्याच्या बाजूला सासुरवाडीच्या गावी राहत होता. सिस्टरांनी पत्ता कधीच काढून ठेवला होता. मी कॉलेजला रजा टाकली. ऊन वर आल्यावर, पाण्याचे दोन कॅन मागे ठेवून, आम्ही निघालो. चंद्रपूर मागे टाकलं, पुढे सिमेंटच्या ट्रकांच्या मागे धूळ खात खात. सिस्टर रविवारी विहारात जातात त्याच वेगाने चालवत होत्या. दर तासाला थांबून झाकण उघडून पाणी पाहत. पदराचं घड्याळ हलत होतं आणि या वेळी त्या बहुतेक स्वतःचेच श्वास मोजत होत्या.

घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात कापसाचा ढीग, त्याच्या कडेला खाट, आणि खाटेवर एक सडसडीत म्हातारा फवारणीचा पंप खोलून बसलेला. त्याने आमच्याकडे पाहायच्या आधी जीपकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"अजून चालते?" तो म्हणाला. मग त्याची नजर सिस्टरांवर गेली आणि तो उभा राहिला. "बसा जी, बाई."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. सिस्टर बसल्या नाहीत. दवाखान्यात पाळी बदलताना उभ्याने सगळं सांगतात, तशा उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. आधी जीपचं सांगितलं. खालचं तोंड, जुना मार, थंडी, काटा. तीन नंबरची थाळी पिशवीत आणली होती, ती दाखवली. तो ऐकत होता. मधेच उठून जीपखाली वाकला, नळीला हात लावला आणि परत येऊन बसला.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता दुसरं सांगते, भाऊ. त्या संध्याकाळी तुमी पाणी भरलं, ते मले मालूम होतं. मी वार्डात होती. बादलीचा आवाज आला होता. दोनदा. चौकशीत साहेबानं मले इचारलं, ड्रायव्हरले पाणी भरताना पाह्यलं काय? मी म्हनलं, नाई. खरंच पाह्यलं नव्हतं. ऐकलं काय, असं कोनी इचारलं नाई. मीबी सांगितलं नाई."

"काऊन?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्या पहाटे मी त्या बाईले एक घंटा थांबवून ठेवली होती. वाटलं, इथीच मोकळी होईल. तुमी गाडी काढू काय म्हनून दोनदा येऊन इचारलं होतं. सगळा दोष पाण्यावर गेला, मंग माह्या घंट्याबद्दल कोनी इचारलंच नाई." त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "हे मी लिहून आणलं हाय, सही करून. साहेब लोकं आता नाई राह्यले, कागद कोनाले द्याचा मले मालूम नाई. म्हनून तुमच्याकडं आणला."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. तीन वर्षं ज्या बाईच्या प्रश्नांना मी उत्तरं दिली होती, तिला मी स्वतः किती कमी विचारलं होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

त्याने कागद घेतला, पण वाचला नाही. घडी तशीच खिशात ठेवली. कितीतरी वेळ पंपाचा वायसर बोटांत फिरवत राहिला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "तुमी इतक्या दूर कायले आल्या? पाणी मी भरलं होतं. मले तं मालूमच होतं."

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तांब्या अजून तिच्या हातातच होता. ती म्हणाली, "तुमाले मालूम होतं. मले कुठी होतं? मी तं इतके वर्सं पोरायच्या देखत तुमाले दारुड्या म्हनत आली."

त्याने वर पाहिलं. पंपाचे सुटे भाग गोळा करून खाली ठेवले आणि खाटेवर एका बाजूला सरकला. आमच्यासारखी परकी माणसं अंगणात उभी असतानाही ती आली, आणि त्याच्या शेजारी बसली.